निपाणीचा धूर आणि चार रेघांची साक्ष

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला घेतली की उडणारा खकाणा दारापासूनच नाकाला झोंबतो. आत नाकातोंडाला पदर गुंडाळून बसलेल्या बाया तो दिवसभर अंगावर घेतात. या बायांच्या संघर्षावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या समूहानं १९८२ मध्ये माहितीपट केला. त्याआधी वर्षभर, १९८१ च्या शेतकरी आंदोलनानं निपाणीच्या तंबाखूच्या भावाचा प्रश्न साऱ्या देशापुढे आणला होता. तंबाखूचा भाव, तंबाखूतली मजुरी आणि तंबाखूची धूळ या तिन्ही गोष्टी सीमाभागानं जवळून पाहिल्या आहेत. हीच तंबाखू टेंभुर्णीच्या पानात वळली गेली आणि पेटली की जे तयार होतं, त्यातला एक भाग मात्र कुणाच्याच नजरेला पडत नाही. मोजायला जावं तर उपकरणापर्यंत पोचण्याआधीच तो नाहीसा झालेला असतो. त्याला मुक्त मूलक म्हणतात. औषधांच्या आणि सरबतांच्या जाहिरातींत तो ‘फ्री रॅडिकल’ या नावानं भेटतो, आणि त्याला मारणारी वस्तू लगेच शेजारच्या बाटलीत विकायला असते.

या मूलकांविषयी आपल्याला जे आकडे सांगितले जातात, ते फार मोठ्या प्रमाणावर ‘सापळे’ लावून मिळवलेले असतात. मूलक थेट मोजता येत नाही म्हणून त्याला एखाद्या रसायनाशी बांधायचं आणि त्या बांधलेल्या जोडीची मोजणी करायची, अशी ही पद्धत आहे. पद्धत हुशारीची आहे आणि तिनं रसायनशास्त्राला पुष्कळ दिलं आहे. पण सापळा स्वतः एक रसायन आहे. तो अभिक्रियेत उतरतो, कधी मूलक नसतानाही मूलक सापडल्याचा देखावा करतो आणि कधी सापडलेला मूलक हातचा घालवतो. सापळ्याच्या या चुका न तपासता छापलेला मूलकांचा आकडा निरर्थक असतो, आणि अशा आकड्यांवर आपल्या भागातल्या वनस्पतींची, औषधांची आणि कामगारांच्या आरोग्याची मांडणी होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन बहुधा जोडीनं राहतात. एखादा इलेक्ट्रॉन जोडीविना उरला की तो अणू किंवा रेणू मूलक होतो आणि शेजाऱ्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावायला किंवा त्याला जाऊन चिकटायला बघतो. १९०० साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोंबर्ग यांनी ट्रायफेनिलमिथिल हा टिकणारा कार्बनी मूलक दाखवला, तेव्हा बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. टिकणारे मूलक अपवादच. पेशीतला हायड्रॉक्सिल मूलक सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास जगतो आणि जन्मल्या जागेपासून काही नॅनोमीटरही जेमतेम सरकतो. १९४४ मध्ये कझानमध्ये येवगेनी झावोइस्की यांनी शोधलेल्या इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्सच्या तंत्रात, म्हणजे ईपीआरमध्ये, जोडीविना उरलेला इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह शोषतो आणि कागदावर रेघा उमटतात. पण त्यासाठी नमुन्यात एका वेळी पुरेसे मूलक हजर असावे लागतात. अब्जांश सेकंदात संपणाऱ्यांची तेवढी गर्दी कधी जमतच नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एडवर्ड जॅन्झन यांनी, आणि त्याच सुमाराला इतर काही प्रयोगशाळांनी, यावर तोड काढली. नायट्रोन वर्गातला एखादा पदार्थ नमुन्यात मिसळायचा. अल्पायुषी मूलक त्याला चिकटला की नायट्रॉक्साइड तयार होतं. तेही मूलकच, पण मिनिटं किंवा तास टिकणारं, म्हणजे ईपीआरला दिसणारं. या पद्धतीला स्पिन ट्रॅपिंग म्हणतात. पीबीएन आणि डीएमपीओ हे दोन सापळे जगभर सर्वाधिक वापरले गेले. डीएमपीओला हायड्रॉक्सिल मूलक चिकटला की कागदावर चार रेघा येतात, उंचीचं प्रमाण एकास दोनास दोनास एक. गेल्या अर्धशतकात या चार रेघा पाहून असंख्य निबंधांत ‘हायड्रॉक्सिल मूलक आढळला’ असं वाक्य लिहिलं गेलं आहे.

ऊस कारखान्याच्या काट्यावर घालणारा निपाणी-चिकोडीकडचा शेतकरी एक गोष्ट चांगली जाणतो. काटा मारलेला नसला, अगदी खरा असला, तरी गाडी आवारात दोन दिवस उन्हात उभी राहिली तर काट्यावर दिसतं ते तोडलेल्या उसाचं वजन नसतं. वाळून उरलेल्या उसाचं असतं. स्पिन ट्रॅपचंही तसंच आहे. ईपीआर यंत्र खोटं बोलत नाही. ते त्या क्षणी नमुन्यात उरलेल्या नायट्रॉक्साइडची मोजणी करतं. किती मूलक जन्मले, त्यातले किती सापळ्यापर्यंत पोचले, सापडलेल्यांपैकी किती वाटेत मोडले आणि किती जणांनी रूप बदललं, या चार प्रश्नांची उत्तरं त्या एका आकड्यात मिसळून गेलेली असतात.

तंबाखूच्या धुरात हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल. लुइझियाना राज्य विद्यापीठात विल्यम प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत सिगारेटच्या धुरातले मूलक मोजले. त्यांनी धुराचे दोन भाग केले. काचतंतूंच्या गाळणीवर अडकतं ते डांबर, आणि गाळणीतून पार होतो तो वायू. डांबरातले मूलक टिकाऊ निघाले, ते बिनसापळ्याचे थेट दिसले. एका ग्रॅममध्ये १० चा १७ वा घात, त्याहूनही जास्त. वायूतल्यांसाठी मात्र सापळा लागला. गाळलेला वायू पीबीएनच्या द्रावणात बुडबुड्यांनी सोडला, आणि एका झुरक्यामागे १० चा १५ वा घात या पातळीवरचे मूलक मिळाले.

इथे एक विचित्र गोष्ट समोर आली. वायूतला मूलक एका सेकंदाहूनही कमी जगतो. मग पेटत्या टोकापासून सापळा जितका दूर न्यावा तितके मूलक कमी सापडायला हवेत. प्रत्यक्षात धूर जरा शिळा होऊ दिला तर मूलक वाढले. याचं उत्तर प्रायर यांच्या गटानं चिकाटीनं शोधलं. सापळ्यात पडत होते ते जळत्या टोकाशी जन्मलेले मूलक नव्हतेच, ते केव्हाच संपले होते. धुरातला नायट्रिक ऑक्साइड हवेतल्या ऑक्सिजनशी सावकाश जुळून नायट्रोजन डायऑक्साइड बनत होता, तो आयसोप्रीनसारख्या संयुगांवर चढत होता, आणि वाटेवर नवनवे मूलक जन्माला येत होते. जन्म आणि मरण यांचा समतोल साधलेला तो प्रवाह होता. नायट्रिक ऑक्साइड, आयसोप्रीन आणि हवा एवढंच एकत्र केलं तरी पीबीएनमध्ये तशाच रेघा येतात, हे त्यांनी दाखवलं.

या एका प्रयोगाचा अर्थ मला फार मोठा वाटतो. ‘एका झुरक्यात इतके मूलक’ हे वाक्य नळीची लांबी आणि धुराचं वय सांगितल्याशिवाय पुरं होत नाही. विडीच्या बाबतीत तर प्रश्न आणखी वाढतात. प्रमाणित धूम्रयंत्र मिनिटाला एकदा, दोन सेकंदांत ३५ मिलिलिटरचा झुरका घेतं. हे माप सिगारेटवरून ठरवलं गेलं. टेंभुर्णीच्या पानातून हवा आत शिरत नाही. विडी मिनिटाला एकदाच ओढली तर विझते. ओढणारा माणूस ती पेटती ठेवण्यासाठी पुन्हा पुन्हा ओढतो. म्हणजे सिगारेटच्या मापानं विडी यंत्रावर लावली तर सापळ्याआधीच, झुरक्यातच चूक शिरते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचे एल. डी. संघवी यांनी हॉफमन आणि वायंडर या अमेरिकी संशोधकांबरोबर १९७४ मध्ये विडी आणि अमेरिकी सिगारेट यांच्या धुराची रासायनिक तुलना प्रसिद्ध केली. तिथपासून एक गोष्ट ठळक आहे: विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असते, पण त्यामुळे तिचा धूर सौम्य ठरत नाही.

पीबीएनची आणखी एक अडचण आहे. त्याला निरनिराळे ऑक्सिजन-केंद्री मूलक चिकटले तरी रेघांचा आराखडा जवळपास सारखाच येतो. किती हे कदाचित कळतं, कोण हे कळत नाही. पुढे मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात टान्या फ्लिकर आणि सारा ग्रीन यांनी वेगळाच सापळा लावला. कार्बन-केंद्री मूलकांना पकडणारं नायट्रॉक्साइड घेऊन, बांधलेली जोडी क्रोमॅटोग्राफीनं सुटी करून त्यांनी ओळखली. त्यांच्या हाती अल्किल आणि असिल मूलक लागले. धूर एकाच जातीचा, सापळे दोन, आणि चित्रं दोन. दोन्ही खरी आहेत. प्रत्येक सापळा आपल्याला जमतं तेच पकडतो.

आता त्या चार रेघांकडे येतो. सजीवांच्या रसायनात सगळ्यात जास्त फसवणूक त्यांनीच केली आहे.

पहिली फसवणूक अशी. सुपरऑक्साइड हा तुलनेनं सौम्य मूलक डीएमपीओला चिकटला की वेगळ्या, अधिक गुंतागुंतीच्या रेघा येतात. पण ती जोडी मिनिटभरातच निम्मी होते, आणि मोडताना तिचा काही भाग हायड्रॉक्सिलच्या जोडीत बदलतो. पेशींमधली ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसारखी विकरं हे रूपांतर आणखी वेगानं घडवतात. नमुना सिरिंजनं काढून, चपट्या क्वार्ट्झ नळीत भरून, नळी यंत्रात बसवून, सूर लावून रेघा काढेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं सहज जातात. तोवर सुपरऑक्साइडनं हायड्रॉक्सिलचा वेष घेतलेला असतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या सुरुवातीला फिंकेलस्टाइन, रोझेन आणि राउकमन यांनी हे नीट मांडलं. त्यात भर म्हणजे डीएमपीओ हायड्रॉक्सिलला ज्या वेगानं पकडतो, त्याच्या कोट्यवधी पटीनं सावकाश सुपरऑक्साइडला पकडतो. दोन्ही असले तर सापळा एकाकडे जवळजवळ पाठ फिरवतो. मार्सेयच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात डेपएमपीओ हा सापळा बनवला, त्यात सुपरऑक्साइडची जोडी पंधरा मिनिटांच्या आसपास टिकते. त्यामुळे पहिली अडचण कमी झाली. सापळ्याचा सावकाशपणा मात्र पुरता गेला नाही.

दुसरी फसवणूक मला जास्त धोक्याची वाटते, कारण तिच्यात मूलक मुळी नसतोच. द्रावणात तिहेरी धनभारित लोह किंवा तांबं असलं तर पाण्याचा रेणू सरळ डीएमपीओला जाऊन चिकटू शकतो आणि मग त्या जोडीचं ऑक्सिडीकरण होऊन हुबेहूब त्याच चार रेघा येतात. फॉरेस्टर आणि हेपबर्न यांनी ही वाट १९७१ मध्ये दाखवली. स्वीडनच्या लेनार्ट एबरसन यांनी १९९० च्या दशकात तिची उलटी बाजू उलगडली: एखादा जोरकस ऑक्सिडीकारक आधी सापळ्याचाच इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि मग पाणी किंवा दुसरा कुणी त्या जखमी सापळ्याला चिकटतो. दोन्ही प्रकारांत प्रयोग करणाऱ्याच्या हाती एकास दोनास दोनास एक असा सुबक आलेख येतो आणि हायड्रॉक्सिल मूलक त्या परीक्षानळीत एकदाही जन्मलेला नसतो.

लोह लागतं किती? साध्या फॉस्फेट बफरच्या मिठात अशुद्धी म्हणून असतं तेवढं पुरतं. इथे प्रयोगशाळांत एक समज घट्ट बसलेला दिसतो, की बफरमध्ये ईडीटीए टाकलं म्हणजे लोह बांधलं गेलं. ईडीटीए लोहाला बांधतं खरं, पण बांधलेलं ते लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी फेंटन अभिक्रिया, म्हणजे हायड्रॉक्सिल मूलक घडवणारी अभिक्रिया, करायला मोकळंच राहतं, किंबहुना विरघळलेल्या अवस्थेत अधिक तत्परतेनं करतं. लोहाला आवर घालायचा तर डीटीपीए वापरावं लागतं, किंवा बफर चेलेक्स रेझिनवरून काढून घ्यावं लागतं. डीएमपीओ स्वतः हवा आणि उजेड लागून पिवळसर होतं. तशी बाटली सक्रिय कोळशावरून शुद्ध न करता वापरली तर नमुना घालण्याआधीच रेघा दिसतात. म्हणून नमुन्याविना नुसत्या सापळ्याचा आलेख प्रत्येक निबंधात छापलेला असायला हवा. तो बहुतेक ठिकाणी नसतो.

तिसरी चूक उलट दिशेची. सापडलेला मूलक नाहीसा होतो. नायट्रॉक्साइडला क जीवनसत्त्व किंवा गंधकयुक्त रेणू भेटले की ते इलेक्ट्रॉन देऊन त्याला मुकं करतात. ईपीआरला मग काहीच दिसत नाही. मूलक पकडला गेला होता, पुरावा नंतर पुसला गेला.

याच चुकीपाशी बेळगावचा संबंध सगळ्यात घट्ट येतो. बेळगावात आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. पश्चिमेला खानापूर, चोर्ला, लोंढा या पट्ट्यात सह्याद्रीचं जंगल आहे. कोकम, आवळा, हिरडा, जांभूळ, करवंद अशा झाडांची ‘अँटिऑक्सिडंट’ शक्ती तपासणं हा साऱ्या देशात पदव्युत्तर प्रबंधांचा आवडता विषय आहे आणि इथेही तो असायलाच हवा. झाडं आपली आहेत, ज्ञान वैदूंचं आणि आज्यांचं आहे. ते तपासलं जाणं ही फार चांगली गोष्ट आहे. तपासणी कशी होते यावर मात्र मला हरकत घ्यायची आहे.

समजा, आवळ्याचा अर्क घातल्यावर चार रेघा मावळल्या. ‘अर्कानं हायड्रॉक्सिल मूलक टिपले’ असं लिहून टाकण्यापूर्वी निदान पाच शक्यता समोर ठेवाव्या लागतात. अर्कानं खरोखर मूलक टिपला असेल. अर्कातल्या टॅनिननं लोहाला बांधून मूलक जन्मूच दिला नसेल. अर्कानं हायड्रोजन पेरॉक्साइड खाल्लं असेल. अर्कानं सापळ्याच्या वाट्याचं दुसरं काही बिघडवलं असेल. किंवा आवळ्यातल्या क जीवनसत्त्वानं तयार नायट्रॉक्साइड मुकं केलं असेल. शेवटची शक्यता पडताळायला खर्च शून्य आहे: आधी रेघा येऊ द्याव्यात, अभिक्रिया थांबवावी, आणि मग अर्क घालावा. रेघा तरीही गेल्या तर अर्क मूलकाशी लढलेला नाही, त्यानं फक्त साक्ष पुसली. अर्क घालण्याचा क्रम बदलणं, एवढीच ही चाचणी.

शिवाय हायड्रॉक्सिल मूलक जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूवर शक्य असलेल्या कमाल वेगाच्या आसपास तुटून पडतो. ग्लुकोजही त्याला टिपतं. रक्तात ग्लुकोज लिटरमागे पाच मिलिमोलच्या आसपास असतं. कुठल्याही पानाफुलातलं द्रव्य खाऊन रक्तात त्याच्या शंभराव्या भागाइतकंही सहसा चढत नाही. म्हणून ‘हायड्रॉक्सिल टिपणारा पदार्थ’ ही ओळख शरीराच्या दृष्टीनं काहीच सांगत नाही. साखर ही परीक्षा पास होते, गूळ होतो.

ज्यांच्याकडे ईपीआर यंत्र नाही ते डीपीपीएचकडे वळतात. हा गडद जांभळा, बाटलीत टिकणारा मूलक. १९५८ मध्ये ब्लॉइस यांनी तो अशा चाचणीसाठी सुचवला. अर्क घातला की रंग उतरतो, ५१७ नॅनोमीटरवर मोजायचं, निम्मा रंग उतरवायला किती अर्क लागला ते लिहायचं. स्वस्त, सोपं, एका दुपारी होणारं. आणि कोकमाच्या बाबतीत साफ गोंधळाचं. कोकमाचा लाल रंग सायनिडिनच्या ग्लायकोसाइडांचा. आम्लात तो ५२० च्या आसपास प्रकाश शोषतो, म्हणजे मोजणी चालते नेमकी तिथेच. डीपीपीएचचा जांभळा उतरतो तेव्हा कोकमाचा लाल तिथे उभा असतो, आणि यंत्राला दोन्ही एकच वाटतात. कोकम आहे त्याहून दुबळं दिसतं. यावर उपाय म्हणून नुसत्या अर्काचा रंग वजा केला तर अभिक्रियेत तो रंगही बदललेला असतो आणि चूक उलट्या दिशेला जाऊ शकते. निम्म्याचा आकडा सुरुवातीला डीपीपीएच किती घेतला यावर हलतो. शरीरात डीपीपीएच नसतो, त्याच्यासारखा अवजड मूलकही नसतो. अमेरिकेच्या कृषी खात्यानं ‘ओआरएसी’ या अशाच परीक्षानळीतल्या अँटिऑक्सिडंट चाचणीच्या खाद्यपदार्थांसाठीच्या आकड्यांची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरू लागल्या होत्या आणि परीक्षानळीतल्या त्या शक्तीचा आरोग्याशी संबंध सिद्ध झालेला नव्हता.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. निरपेक्ष आकडा चुकीचा असेल, पण दोन नमुन्यांची तुलना तर होते ना? एकाच पद्धतीनं दोन्ही मोजले तर चूक दोन्हीकडे सारखीच राहील. चूक ठरावीक असती तर हे मान्य केलं असतं. सापळ्याच्या चुका नमुन्यानुसार बदलतात. एका अर्कात लोह जास्त, दुसऱ्यात क जीवनसत्त्व जास्त, तिसरा लालभडक. ज्या गुणामुळे अर्क वेगळे आहेत, तोच गुण मोजणी बिघडवतो. अशा वेळी क्रमवारीही भरवशाची उरत नाही.

दुसरा आक्षेप साधनांचा. छोट्या महाविद्यालयाला लाखो रुपयांचं यंत्र कुठून परवडणार? पण मी मागतो आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना यंत्र लागत नाही. सुपरऑक्साइड संपवणारं सुपरऑक्साइड डिसम्युटेज घालून रेघा किंवा रंग गेले का, हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटॅलेज घालून गेले का, डीटीपीए घालून गेले का, हे तपासता येतं. ईपीआर असेल तिथे डायमिथिल सल्फॉक्साइड घातलं तर खरा हायड्रॉक्सिल मूलक त्याच्यावर तुटून पडून मिथिल मूलक बनवतो आणि रेघांचा आराखडा बदलतो. पाणी नुसतं चिकटलं असेल तर मिथिलच्या रेघा येत नाहीत. एखादी छोटी बाटली, एखादी जादा परीक्षानळी, एवढाच खर्च. कमतरता पैशाची कमी आणि सवयीची जास्त आहे. प्रबंधात नियंत्रण-प्रयोगांचा तक्ता नसेल तर मार्गदर्शकानं तो परत पाठवावा, हे कुठल्याही अनुदानाशिवाय उद्यापासून करता येईल. मायकेल मर्फी आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘नेचर मेटाबॉलिझम’मध्ये मोजमापाची जी मार्गदर्शक तत्त्वं मांडली त्यांचाही रोख हाच आहे: कोणता मूलक ते नावानिशी सांगा, तो तोच आहे हे नियंत्रणांनी दाखवा, एका पद्धतीवर विसंबू नका.

हा काटेकोरपणा प्रयोगशाळेपुरता का राहू नये, हे सांगायला दोन मोठ्या चाचण्या पुरेत. मूलक कर्करोग घडवतात, बीटा-कॅरोटीन मूलक टिपतं, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन द्यावं, असा सरळ हिशोब होता. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर ही चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या १८,३१४ जणांच्या ‘कॅरेट’ चाचणीत तो २८ टक्क्यांनी जास्त होता आणि चाचणी १९९६ मध्ये वेळेआधी थांबवावी लागली. ही गोळी माणसांना परीक्षानळीच्या तर्कावर दिली गेली होती. विडी ओढणाऱ्या माणसाला ‘धुरातले मूलक मारणारं’ चूर्ण विकलं जातं तेव्हा मला या दोन आकड्यांची भीती वाटते. विडी घातक आहे हे सांगायला मूलकांच्या अस्थिर आकड्यांची गरजही नाही. संघवी आणि त्यांच्यासारख्या संशोधकांनी माणसं मोजून, त्यांचे आजार नोंदवून ते कधीच दाखवलं आहे.

मग वखारीतल्या बायांचं काय? त्यांच्या रक्तात मूलकांचा ताण वाढला आहे का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेला पाहिजे. तंबाखू कामगारांवरच्या अशा अभ्यासांत बहुधा थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी घेतली जाते. रक्तजल आम्लात उकळायचं, मेदाचं ऑक्सिडीकरण होऊन तयार झालेल्या मॅलॉनडायआल्डिहाइडचा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरवर मोजायचा. हाही एक सापळाच, आणि तितकाच भोळा. उकळतानाच नवं मॅलॉनडायआल्डिहाइड तयार होतं. साखरा आणि सियालिक आम्लसुद्धा रंग देतात. सुईनं रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिनचं लोह सांडतं आणि रक्त नळीतच ऑक्सिडाइझ होत राहतं. निपाणीपासून बेळगाव पाऊणशे किलोमीटर. नमुना बर्फाविना जीपमध्ये आला, हायवेवर अडकला, संध्याकाळी फ्रीजमध्ये गेला, तर मोजलं जातं ते बहुतांश प्रवासात घडलेलं ऑक्सिडीकरण. तुलनेसाठी घेतलेल्या ‘निरोगी’ बायांचं रक्त जर बेळगावातच, प्रयोगशाळेच्या शेजारी काढलं असेल तर दोन गटांतला फरक रस्त्यानं घडवलेला असू शकतो. निष्कर्ष मात्र वखारीच्या नावे लिहिला जाईल. त्या बायांना तो निष्कर्ष उपयोगी पडणार नाही, कारण पहिला जाणकार वकील किंवा मालकाचा डॉक्टर तो उडवून लावेल.

सापळा टाळून जाण्याची वाट उपलब्ध आहे. १९९० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात मॉरो आणि रॉबर्ट्स यांनी आयसोप्रोस्टेन शोधले. अ‍ॅराकिडॉनिक आम्लावर मूलकांनी हल्ला केल्यानंतर, विकरांच्या मदतीविना, शरीरातच ते बनतात आणि लघवीतून बाहेर पडतात. १९९५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त आढळले आणि दोन आठवडे धूम्रपान बंद ठेवल्यावर कमी झाले. मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, पण लघवीत ते रक्ताच्या मानानं सुरक्षित राहतात, कारण तिथे नव्यानं ऑक्सिडाइझ व्हायला मेदच फारसा नसतो. वखारीत अभ्यास करायचा तर कामाची पाळी संपताना लघवीचा नमुना घ्यावा, तो जागच्या जागी गोठवावा, त्यातच निकोटिनपासून शरीरात बनणारं कोटिनिन मोजून धूळ किती अंगात गेली ते ठरवावं, फुंकर-यंत्रानं फुप्फुसाची ताकद बघावी. घरी चूल आहे का, मशेरी लावतात का, नवरा घरात विडी ओढतो का, हे मराठीत आणि कन्नडमध्ये विचारून नोंदवावं. धूर चुलीचाही असतो आणि निकोटिन मशेरीतूनही येतं. तुलनेचा गट निपाणीतलाच, तंबाखूत काम न करणाऱ्या बायांचा घ्यावा, आणि दोन्ही गटांचे नमुने एकाच गाडीतून, एकाच बर्फपेटीत बेळगावला न्यावेत.